पाण्याकडे तोंड, मालकाकडे पाठ

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "मामा, पोहायला शिकवतानाच्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी बरं म्हणालो. कागद पुढं ओढून बसलो तर एक गंमत आठवेल तर शपथ. आठवली ती माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. तेव्हा बाई, माफ करा. ज्यांना हलकंफुलकं हवं असेल त्यांनी चार पानं पुढं जावं, तिथं चकल्या मऊ का पडतात ते दिलेलं असेल.

मी गुलाब मुलाणी, कडेगाव तालुक्यातला. आयुष्यभर पाण्याच्या काठावर उभं राहून पोट भरलं. आधी गावच्या विहिरींवर पोरांना पोहायला शिकवायचो, मग एका शहरातल्या तरणतलावावर जीवरक्षक म्हणून लागलो. तिथून निवृत्त झालो, पण गुडघे शाबूत होते आणि घरी बसून बायकोच्या कामात लुडबूड करण्यापेक्षा बरं म्हणून साताऱ्याकडच्या एका कृषी पर्यटन केंद्राच्या तलावावर पुन्हा जाऊन उभा राहिलो. तिन्ही ठिकाणी काम एकच. जेवढी पोरं पाण्यात उतरली तेवढी जिवंत वर आली पाहिजेत. कुणाचा हात सुधारला, कुणाला पदक मिळालं, ते सगळं वरचं. शेवटच्या ठिकाणी एक पोरगी वर येता येता राहणार होती. मला तीच हकीकत सांगायची आहे. पण आधी हे काम असतं काय ते सांगतो, कारण ते ठाऊक नसल्यामुळं पुष्कळ लोक मला उद्धट समजतात.

लोकांना वाटतं जीवरक्षक म्हणजे पट्टीचा पोहणारा. पोहता यावंच लागतं, पण उडी मारायची वेळ क्वचित येते. बाकी सगळा वेळ बघायचं असतं. नुसतं बघायचं. यात काय अवघड, असं वाटत असेल तर घरी करून पाहा. गॅसवर दूध ठेवा आणि ते वर येईपर्यंत मनात दुसरं काही न आणता त्याच्याकडं बघत उभे राहा. दहांतल्या नऊ जणांचं दूध डोळ्यांदेखत उतू जाईल. डोळे पातेल्यात असतात आणि आपण भाच्याच्या लग्नात मानपानावरून भांडत असतो.

पाणी बघायचीही रीत आहे. कडेकडेनं सुरुवात करायची, कोपरे सोडायचे नाहीत, मग मधला भाग, मग तळ, की पुन्हा कडेपासून. चेहरे बघायचे नाहीत, डोकी पाण्याच्या किती वर आहेत ते बघायचं. मघाशी खांद्यांसकट दिसणारं डोकं आता हनुवटीपर्यंतच दिसत असेल तर नजर तिथं थांबवायची. आणि एक गोष्ट कृपा करून पाठच करून ठेवा. बुडणारं माणूस ओरडत नाही. ओरडायला छातीत हवा लागते, ती त्याच्याकडं उरलेली नसते. ते हातही हलवत नाही. पाण्यात उभंच असतं, मान मागं टाकलेली, तोंड उघडं, केस डोळ्यांवर, आणि दोन्ही हात पाणी खाली दाबत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं आभाळाकडं बघून हसतंय. हे मी पालकांना सांगून सांगून थकलो. माना डोलावतात आणि पोराला पाण्यात सोडून भजी आणायला जातात.

हे बघणं मी शिकलो माझ्या उस्मानचाचाकडून, विहिरीवर. आमच्याकडं पोराच्या पाठीला पत्र्याचा बंद डबा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून, कमरेला दोर लावून त्याला विहिरीत सोडायची पद्धत होती. दोराचं दुसरं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. चाचाचा नियम असा की दोर धरणाऱ्यानं मोठ्यानं "धरलाय" म्हणायचं, पोरानं "कळलं" म्हणायचं, त्याशिवाय उडी नाही. आणि एकदा धरलाय म्हटलं की त्या माणसानं गप्प बसायचं. तंबाखू मळायची नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करायचा नाही. काठावरून सरपंच गेला तरी मान वर करायची नाही. चाचा स्वतः कापूस पिंजायचा, गावात त्याला फार कुणी विचारायचं असं नाही. पण विहिरीवर तो सांगेल तसं सगळे वागायचे.

एकदा दोर धरला होता पलटणीतनं सुट्टीवर आलेल्या एका सुभेदारानं. अख्ख्या गावाचा लाडका माणूस. पोरगं खाली पाण्यात हातपाय मारत होतं आणि सुभेदार वर बसलेल्यांना सीमेवरची हकीकत सांगायला लागला. सांगता सांगता रंगात आला. बंदूक कशी धरली ते दाखवायला त्याला दोन्ही हात लागले, आणि दोर गेला सुळकन खाली. पाठीचा डबा सरकून पोराच्या पोटाखाली आला आणि त्यानं पोराला पालथं धरून ठेवलं. डबा तारतो असं म्हणतात, पण तो जागचा हलला तर तोच मारतो. चाचा धोतरासकट विहिरीत गेला. पोरगं वाचलं. वर आल्यावर चाचानं सुभेदाराकडं बघितलंसुद्धा नाही. "सायेब, तुमी तिकडं कट्ट्यावर बसा. तितं सांगा गोष्टी," एवढंच म्हणाला. पुढं त्याच सुभेदाराची गावातनं मिरवणूक निघाली, हार घातले, चाचानंही घातला. पण विहिरीवर त्याच्या हातात दोर पुन्हा कधी दिला नाही.

हे मुद्दाम सांगितलं, कारण हल्ली सगळा दोष मोबाईलवर ढकलायची सोय झाली आहे. तेव्हा कुठं होते मोबाईल? माणूस जागेवर नसतो ही फार जुनी खोड आहे. जेवताना तो शेतात असतो, शेतात असताना तालुक्याला, आणि तालुक्याला गेला की घरी काय शिजलं असेल त्यात. एवढा वेळ घेऊन जन्माला आलेला प्राणी स्वतःच्या एका ठिकाणी हजर राहू शकत नाही, याचा मला संताप येतो. बायको म्हणते, तुमचा संताप आता औषधानं पण जायचा नाही. असेल.

पर्यटन केंद्रावर तर मी असा एक प्रकार पाहिला की सांगितला तरी खरा वाटणार नाही. मोठ्या शहरातून काही मंडळी 'वर्तमानात जगा' अशा नावाच्या शिबिराला आली. पांढरे झुळझुळीत कपडे घातलेले एक गुरुजी, त्यांच्यापुढं चटयांवर बसलेले आईबाप, आणि हे सगळं तलावाच्या अगदी कडेला, कारण तिथं वारा छान लागतो. गुरुजी म्हणाले, डोळे मिटा. श्वासाकडं लक्ष द्या. या क्षणात या. सगळ्यांनी डोळे मिटले. त्यांची पोरं तलावात! एकाही माणसानं एक डोळा उघडा ठेवला नाही. मी शिट्टी वाजवून सगळी पोरं बाहेर काढली. गुरुजींनी डोळे उघडून मला मंद आवाजात सांगितलं की तुम्ही साधकांची एकाग्रता भंग करत आहात. मी म्हणालो, "महाराज, ह्यांची पोरं पाण्यात हायत आणि ही नाकातला वारा मोजत्यात. ह्यांना आदी डोळं उगडायला शिकवा." त्यावर मालकांकडं माझी तक्रार गेली.

आता मालक. त्यांचं खरं नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो. वडिलांच्या मळ्यात त्यांनी हे केंद्र उभं केलं होतं. हुरडा, बैलगाडी, पिठलं-भाकरी आणि मधोमध निळ्या फरशीचा तलाव. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं की गुलाबमामा दिवसभर काही करत नाहीत. नुसते उभे असतात. म्हणून तो मला कामं लावायचा. मामा, जरा टॉवेल वाटा. मामा, त्या पाहुण्यांचा फोटो काढा. मी नाही म्हणायचो. माझी उंच खुर्ची होती, तिच्यावर बसलं की तळ दिसायचा. ती उचलून त्यानं सूर्यफुलांच्या वाफ्यात नेऊन ठेवली, कारण पाहुण्यांना तिच्यावर बसून फोटो काढायचे असत. मग मी कठड्यावर उभा राहू लागलो. तलावाच्या चार बाजूंना मोठे स्पीकर लावले. मी सांगितलं, शेठ, पाण्यावर आवाजही ऐकावा लागतो, गाणी बंद ठेवा. त्यावर तो म्हणाला, "मामा, लोक इथं मजा करायला येतात, अभ्यासाला नाही." पुढं पुढं तर, तुमच्या जागी कॅमेरे बसवले तर ते पगारवाढ तरी मागणार नाहीत, असंही बोलून दाखवायचा.

पण त्याला सगळ्यात जास्त झोंबायची ती माझी पाठ. पाण्यात पोरं असली की मी कुणाशीही पाण्याकडं तोंड करूनच बोलतो. समोरचा माझ्या पाठीमागं असला तर माझ्या पाठीशी बोलतो. ही सवय इतकी मुरली आहे की घरीसुद्धा बायको म्हणते, "आवं, मी हिकडं हाय, भिताडाकडं बगून काय बोलताय?" शेठला तो अपमान वाटायचा. चार माणसांत नोकर आपल्याकडं पाठ करून बोलतो म्हणजे काय! मी त्याला समजावून सांगितलं होतं, एकदा नाही, अनेकदा. त्याला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं, पण चारचौघांतला मान त्याला जास्त महत्त्वाचा वाटला.

त्या रविवारी गर्दी तुफान होती. पाटण भागातल्या एका बचत गटाच्या बायका पोराबाळांना घेऊन सहलीला आल्या होत्या. त्यांच्यातली एक सुनीता, आणि तिची मुलगी आरोही, पहिली-दुसरीतली असेल, केसांना लाल रिबिनी बांधलेली. सुनीता कडेला पाय सोडून बसली होती आणि फोन समोर धरून त्यात बोलत होती. मी ओरडलो, "ताई, पोरगी पाण्यात असताना फोन चालायचा न्हाई."

"मामा, तिच्या पप्पांचा हाय," ती म्हणाली. "पलटणीत असत्यात. लय दिवसांनी रेंज मिळालीया. पोरीला पाण्यात खेळताना बगायचंय त्यान्ला."

सैनिकाचं नाव काढलं की आमच्या भागात कुणाची जीभ उचलत नाही. तरी मी सांगितलं, मग पोरीला पायरीच्या पुढं सोडू नका, पुढं उतार आहे, तिथून तळ एकदम खाली जातो. आरोहीला मी स्वतः पायरी दाखवली. ती शहाणी पोरगी. पायरीवर उभी राहून फोनकडं बघून पाणी उडवत होती. सुनीतानं फोन असा तिरका धरला होता की दोघींनाही आतला तिचा बाप दिसत होता, जाड जर्सी, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडभर हसू. मी पुढच्या कोपऱ्याकडं नजर नेली.

तेवढ्यात शेठ आला. बरोबर आमच्या भागातल्या एका नेत्याचा पुतण्या, त्याचा वाढदिवस, मागं त्याच्या टोळक्यातली दहाबारा तरणी पोरं. ती पोरं गाणं बदलायला लावून, आवाज वाढवायला लावून, कपड्यांसकट धडाधड पाण्यात उड्या मारायला लागली. सगळा तलाव हेलकावायला लागला. मी शिट्टी फुंकली, ती माझी मलाही ऐकू आली नाही. माझ्या पाठीमागं शेठ गाण्यावरून ओरडून सांगत होता, भाऊ, हे आमचे गुलाबमामा, जुने जाणते. मी पाण्याकडं बघतच ओरडलो, "नमस्कार भाऊ. शेठ, आदी ही पोरं भाईर काडा."

आणि शेठनं माझ्या खांद्यावर हात टाकून मला गर्रकन वळवलं. "मामा, भाऊंशी बोलताना तरी तोंड इकडं करा की!"

माझ्यापुढं भाऊचा चेहरा आणि त्यानं पुढं केलेला हात. मी तो हात घेतला नाही. शेठचा हात झटकला आणि परत फिरलो. यात कितीसा वेळ गेला असेल? तुम्ही हे वाक्य वाचलंत तेवढाच. पायरीवर लाल रिबिनी नव्हत्या.

लाटेनं पोरीला उतारावर नेलं होतं. हातभर पुढं ती उभी होती, मान मागं, तोंड उघडं, केस डोळ्यांवर. सुनीताचा फोन बरोबर तिच्यावर रोखलेला होता आणि सुनीता हसत होती. पोरीच्या दोन्ही बाजूंना मोठी माणसं नाचत होती, एकाचं कोपर तिच्या डोक्याला लागलं तरी त्यानं खाली बघितलं नाही. मी उडी मारेपर्यंत ते डोकंही खाली गेलं.

नाचणाऱ्या पायांच्या गर्दीत ती सापडायला वेळ गेला. वर आणली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि श्वास नव्हता. फरशीवर ठेवली तर गर्दी अंगावर. आमच्याकडं बुडालेल्या पोराला पाय धरून उलटं लटकवतात, गरागरा फिरवतात, पोटातलं पाणी काढायचं म्हणून. किती पोरं या एका अडाणीपणापायी गेली असतील. "पालथी घाला, पालथी घाला," एकच गिल्ला. एकानं तर पाय धरून तिला उचललंच. मी त्याच्या छातीत कोपर घातलं, तो मागच्या मागं पडला. दुसरी बाई चप्पल हुंगवायला आली. तिलाही ढकललं. मग पोरीची मान सरळ केली, नाक दाबलं आणि तोंडानं श्वास भरायला लागलो. छाती दाबायची, पुन्हा श्वास. आजूबाजूला काय चाललंय ते मला माहीत नाही. मी तिच्या छातीकडं बघत होतो, ती आपणहून वर येते का तेवढंच.

आली. आधी एक उबळ, मग भडाभडा पाणी, मग रडणं. बारीक, चिरकं रडणं. मी मान वर केली. भोवती गोल करून माणसं उभी होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन, माझ्यावर आणि त्या पोरीवर धरलेला. वर गाणं चालूच. पोरगी मेली होती तेव्हाही ते गाणं चालू होतं, जिवंत झाली तेव्हाही चालू. एवढ्या माणसांत ते बंद करावं असं एकाला वाटलं नव्हतं. मी जी शिवी दिली ती संपादकबाई छापणार नाहीत. पण ती सगळ्यांना ऐकू गेली आणि कुणीतरी पळत जाऊन बटण बंद केलं.

सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, खालून कुठून तरी, एक घोगरा बारीक आवाज यायला लागला.

"कुणी हाय का? अहो... कुणी तरी बोला की. कुणी हाय का तितं?"

सुनीताच्या हातातनं पडलेला फोन फरशीवर उताणा पडला होता. त्याच्यातून त्या माणसाला इतका वेळ फक्त आभाळ दिसत होतं. मी तो उचलला. लोकरी टोपी हातात आवळून धरलेली, डोळे फाटलेले. मला बघून त्याला काही विचारवेना. मी फोन फिरवून पोरीसमोर धरला. ती रडत होती. ते रडणं त्यानं ऐकलं.

या सगळ्याचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण त्यात विशेष काही नाही. मी नोकरी सोडली. शेठनं चार बाजूंना चार कॅमेरे बसवले. कुणीतरी काढलेला माझा व्हिडिओ गावोगाव फिरला, लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि तोच व्हिडिओ शेठ जाहिरातीत लावतो, आमच्याकडं असे जीवरक्षक आहेत म्हणून. मी कळवलं की काढून टाका. त्यानं काढला नाही. एका मंडळानं सत्कारालाही बोलावलं होतं. त्या सत्काराला तो खांदा फिरवणारा हातही स्टेजवर असणार होता, म्हणून गेलो नाही.

पण मला सांगायचंय ते गाडीतलं. बुडून वाचलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावंच लागतं, छातीत पाणी राहिलेलं असतं. शेठनंच स्वतःची गाडी काढली. मागच्या सीटवर सुनीता, तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली आरोही, आणि बाजूला ओल्या कपड्यांत मी. फोन माझ्या हातात. आयुष्यात जिचा मी सगळ्यात जास्त दुस्वास केला ती वस्तू मी पोरीच्या तोंडापुढं धरून बसलो होतो, कारण फोनमधला तो माणूस मला म्हणाला होता, "मामा, एवढा फोन ठिवू नका. पाया पडतो तुमच्या."

शेठ आरशातनं बघत होता. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "मामा, फोन बंद करा आता. त्यांना उगाच टेन्शन. नंतर सविस्तर बोलू आपण."

"तू म्होरं बगून गाडी चालव," मी म्हणालो. मालकाला मी पहिल्यांदा अरेतुरे केलं. "आयुष्यात एकदा तरी जितं बगायचं तितं बग. परत फोन बंद करा म्हनलास तर मी तुला चालत्या गाडीतनं खाली फेकीन." त्यानं आरशातली नजर काढून रस्त्यावर ठेवली.

सुनीता एकसारखी एकच बोलत होती. "माझं लक्ष हुतं वो मामा. मी तिच्याकडंच बगत हुते. डोळं सुदिक हलवलं न्हाईत." मी तिला वाट्टेल ते बोलणार होतो. घशापर्यंत आलं होतं. पण फोनमधनं तो बोलायला लागला.

"मला दिसलं हुतं," तो म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम येत होता, फाटका, खरवडल्यासारखा. "तिचं तोंड वर झालं तवाच दिसलं. बुडतीया ती, हात घाल, म्हनून मी वराडतोय, वराडतोय. आन तू हसतीयास."

सुनीताचा चेहरा पांढरा पडला. "तुमचं तोंड हलताना दिसत हुतं," ती म्हणाली. "गान्यात काय ऐकूच येत न्हवतं. मला वाटलं, तुमी बी गानं म्हनताय. तिला हसवताय."

मी खिडकीतनं बाहेर बघितलं. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडू ते समजेना. हजारो कोस लांब, बर्फात बसलेला तो एकटा माणूस त्या तलावावर हजर होता. आम्ही जे पाण्याला हात लागेल इतके जवळ होतो ते सगळे दुसरीकडं होतो, आणि मला तर खांदा धरून दुसरीकडं फिरवलं होतं. त्याला हात नव्हते तिथं. आवाज होता, तोही आम्ही स्पीकर लावून मारला होता. माझा हात अवघडून दुखायला लागला, पण फोन हलू दिला नाही.

महामार्गाला लागल्यावर आरोहीनं डोळे उघडले. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. बराच वेळ ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"पप्पा, तुमी बगत हुता न्हवं?"

"व्हय बाळा."

"मंग हाक का न्हाई मारली?"

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या, पण घसा पार बसला होता, नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा एकदा प्रयत्न केला. मला ओठांवरून कळलं, पण गाडीच्या आवाजात पोरीला ते उमगलं नाही. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "मामा, पप्पा काय म्हनत्यात?"

"मारली म्हनत्यात," मी सांगितलं. "लय मारली म्हनत्यात."